उंबरठ्यावरचं कडवं

सायंसदन वृद्धनिवास, आर्वी नाका, वर्धा
११ जुलै १९९९

चि. देवकाले मोठ्या भावाचा आशीर्वाद.

तुहं पत्र पोचलं. अल्लीपूरकडं पाऊस बरा झाला, पराटी निंघाली, तूर निंघाली, वाचून बरं वाटलं. आता आमच्या सायंसदनात काय निंघालं ते ऐक. नाच निंघाला.

थट्टा नाई करून राह्यलो. दर मंगळवारी अन् शुक्रवारी दवाखान्यातून आकांक्षा नावाची एक पोरगी येते. पायात कॅनव्हासचे बूट, हातात टेप. ती आली की जेवणघरातले टेबल भिंतीले लागतात, खुर्च्या गोल मांडतात, अन् आम्हा साऱ्या म्हाताऱ्यायले बसवून ती हिंदी पिक्चरचं गाणं लावते. मंग हात वर, हात खाली, उजवा पाय, डावा पाय, टाळी. ती म्हणते, हा नाच नाही काका, नाचातून व्यायाम आहे. मी म्हटलं, पोरी, गाढवाले घोडा म्हटलं म्हणून ते टांग्याले चालते का?

मले म्हणते, पतंग उडवल्यासारखे हात करा. पतंग उडवायच्या वयात मी उडवली नाई, आता काय उडवू? सिंदीच्या कापूस बाजारात जलम गेला माहा. अडत्या प्रभाकरनं एक हाळी देली की हमाल गाठीले हात घालत. तो माणूस आता खुर्चीत बसून टाळ्या पिटन काय? मी आपलं पेपर घेऊन व्हरांड्यात बसतो. पण आवाज तिथंही येतेच.

बाया लाजतात. पदर तोंडात धरून बसल्या राहतात. सीताबाई म्हणून एक म्हातारी आहे, तिले सकाळी जेवली की नाई हे संध्याकाळी आठवत नाई, ती तं नुसती टेपाकडे पाहत राहते. तुही वहिनी बसते कोपऱ्यात. ती बरी आहे. जरा गुडघे धरतात, बाकी ठीक. पोरगा प्रफुल पुण्याहून फोन करते.

तुहा भाऊ,
प्रभाकर


अल्लीपूर
२० जुलै १९९९

भाऊले देवकाचा नमस्कार.

तुहं पत्र वाचून मी इतकी हासली की सून चुलीपासून उठून आली, म्हणे काय झालं आत्याबाईले. तुह्यासारख्या माणसाले कोणी पतंग उडवायले सांगतलं, ती पोरगी मले एकदा पाहाची आहे. तिले म्हणजो, ह्या माणसानं बाजारात भाव उडवले, पतंग नाई.

पण भाऊ, एक गोष्ट विचारतो. इतक्या वर्षांत तुहं एक पत्र असं नाई आलं की त्याच्या खाली वहिनीच्या दोन ओळी नाईत. तू पानभर बाजार लिवते अन् खाली ती लिवते, "मी बरी, तू कशी, लोणचं मुरलं का." मी तं पत्र उलटं वाचतो, पहिले खालून. यावेळी खाली काहीच नाई. भांडला का तिच्याशी? ती नाचाले गेली म्हणून तोंड फुगवून बसला असशीन. मी तुले ओळखतो.

अन् गेली तं जाऊ दे. तुले आठवते का, ती लग्न होऊन सिंदीले आली ते वरीस? भादव्याच्या पुनवेले मी अंगणात मातीची भुलाबाई मांडली अन् ही नवी नवरी, हातातला हिरवा चुडा सावरत, आम्हा पोरीयच्या गोलात येऊन उभी राह्यली. अशा टिपऱ्या वाजवल्या की शेजारपाजारच्या बाया भिंतीवरून पाहाले लागल्या. खाऊ ओळखाच्या वक्ताले डबा कानापाशी हालवला की ती बरोब्बर सांगे, चिवडा का करंजी का खोबरं. पुढच्या वर्षी आईनं म्हटलं, आता तू घरची सून, भुलाबाई पोरीयनं खेळावं. झालं. वहिनीनं टिपऱ्या माह्या हातात देल्या अन् स्वयंपाकघरात गेली. लगनानंतर मी त्या माह्या पेटीत घालून अल्लीपूरले आणल्या. अजून आहेत.

वहिनीले दोन ओळी लिवाले लावजो.

देवका


वर्धा
८ ऑगस्ट १९९९

चि. देवकाले आशीर्वाद.

भांडण वगैरे काही नाई. वहिनीचा चष्मा तुटला आहे म्हणून लिहिलं नाई. नवा करायले टाकला.

नाच चालूच आहे. ती पोरगी म्हणून राह्यली होती, काकूंना दर वेळी घेऊन या, त्यांच्यासाठी वेगळं करू. मी नाई म्हटलं. बाकी काही विशेष नाई. पाऊस आहे.

प्रभाकर


अल्लीपूर
१७ ऑगस्ट १९९९

भाऊले नमस्कार.

मागच्या शनिवारी आमच्या इथला जयवंता मक्याचे भुट्टे घेऊन वर्ध्याच्या बाजारात आलता. मी त्याच्यापाशी तुमच्यासाठी पिशवी देल्ती. ती तुले भेटली असन, कारण त्यानं ती तुह्या खोलीबाहेर ठेवली अन् तो तसाच वापस आला. काऊन वापस आला ते मले दोन दिवसानं सांगतलं. लाजत होता बिचारा.

तो म्हणे, वहिनीबाई खोलीच्या दारात उभ्या होत्या. चष्मा डोळ्यावर होता. पाय जमिनीत रोवल्यासारखे. अंग पुढं झुकलेलं अन् पाय मागंच. अन् भाऊसाहेब त्यायचा हात धरून ओढून राह्यले होते, "उचल, उचल पाय, उचल ना" म्हणून. दोघंबी घामानं भिजले होते. जयवंता म्हणे, माह्यानं पाहवलं नाई.

भाऊ, आईबाप गेले, आता आपण दोघंच उरलो. माह्यापासून तू काय लपवून राह्यला? मले खरं सांगजो. नाईतं मी उद्याच्या यष्टीनं येऊन दारात बसतो.

देवका


वर्धा
२५ ऑगस्ट १९९९

देवका,

येऊ नको. सांगतो.

कंपवात म्हणतात त्याले. पहिले उजव्या हाताची बोटं हालत, जशी का जपमाळ ओढून राह्यली. मंग अक्षर बारीक होत गेलं. तुले लिहायच्या दोन ओळी मुंग्यायच्या रांगेसारख्या व्हायल्या, अन् एक दिवस तिनं पेन खाली ठेवला. म्हणे, देवकाले हे पाहून वाईट वाटन, आपण नाई लिहीत. आता पाय. चालता चालता मधातच चिकटतात. मोकळ्या व्हरांड्यात तरी एखाद वेळ सुटतात, दारात तं हमखास अडकतात. उंबरठा दिसला की संपलं. ती स्वतः पायाकडे अशी पाहते, जसे का ते दुसऱ्याचे आहेत.

जयवंतानं पाहिलं ते खरं आहे. मी ओढतो. मले दुसरं काही येत नाई. जलमभर मी माणसायले "उचल" म्हटलं अन् त्यायनं उचललं.

आता मुख्य गोष्ट. सायंसदनाचा नियम आहे, जो आपल्या पायानं जेवणघरात येते तोच इथं राहते. झोपलेल्या माणसाले उचलायले इथं माणसं नाईत. मंडळाचे लोक कोजागिरीले दूध प्यायले येतात, त्या दिवशी पुढच्या वर्षाचं ठरते. अध्यक्ष अण्णाजी वाईट माणूस नाई. मले बाजूले घेऊन म्हणाले, प्रभाकरराव, तोवर वहिनी चालल्या तर मला आनंदच आहे, नाहीतर नागपूरला एक जागा आहे, तिथं अशा बायकांची चांगली सोय होते. मी विचारलं, अन् मी? तिथं पुरुषायले ठेवत नाईत. मी इथं, ती तिथं. आठवड्यातून एकदा भेट.

प्रफुलच्या घरी तिसरा माळा आहे, लिफ्ट नाई, तो अन् सून दोघंही दिवसभर नोकरीत. तू म्हणशीन अल्लीपूरले या. तुह्यापाशी जागा आहे हे मले माहीत आहे, पण तुह्या सासरी जाऊन मी पथारी टाकणार नाई. ते आपल्यात नाई अन् माह्यानं होणार नाई. जिद्द करू नको.

देवका, मले भेव वाटते. हे मी कोणाले म्हटलं नाई. रात्री ती कुशीवर वळू शकत नाई, तं हळूच माही बाही ओढते. मी उठून वळवून देतो. नागपूरले ती कोणाची बाही ओढन?

प्रभाकर


अल्लीपूर
१२ सप्टेंबर १९९९

भाऊ,

तुहं पत्र आलं तेव्हापासून हातात काम धरत नाई. पोळा झाला, बैलं सजली, पुरण झालं, माह्यं मन सारं वर्ध्याले. राग आलता तुहा, आता नाई. आता वाटते, तू एकटा किती दिवस हे घेऊन बसला.

तुले पथारी टाक म्हणत नाई. तू आईच्या वळणाचा, मोडशीन पण वाकणार नाई. पण मी काय करू? मी डॉक्टर नाई. माह्यापाशी होतं ते पाठवून राह्यली. जयवंतापाशी पिशवी देली आहे, त्यात भाजलेल्या शेंगा आहेत, तिळाची चटणी आहे, अन् फडक्यात वहिनीच्या टिपऱ्या आहेत. लाखेचा लाल रंग उडाला, पण लाकूड चांगलं आहे. भादव्याची पुनव आता आलीच. वहिनीच्या हातात दे. म्हणावं, आईनं खेळ बंद केला तेव्हा मी लहान होती, मले बोलता नाई आलं. आता ना सासू राह्यली ना अंगण. हातात घेऊन बसली तरी तिले बरं वाटन.

अन् ओढू नको रे भाऊ तिले.

देवका


वर्धा
२७ सप्टेंबर १९९९

देवका,

कुठून सुरू करू समजून नाई राह्यलं. परवापासून मी धड जेवलो नाई, पण आजारी नाई. असं काही पाहिलं की त्याचं काय करावं तेच समजत नाई.

तुह्या टिपऱ्या तिच्या मांडीवर ठेवल्या. तिनं त्या उलटून-पालटून पाहिल्या, हुंगल्या, अन् बाजूच्या बाईले दाखवल्या. झालं. दोन दिवसात साऱ्या बायायले खबर लागली. पुनवेच्या संध्याकाळी त्यायनं जेवणघरात भुलाबाई मांडायची ठरवली. माती कोणी कालवली माहीत आहे? सीताबाईनं. जेवली की नाई ते आठवत नाई त्या बाईनं भुलोजी, भुलाबाई अन् मांडीवरचं पोर, तिन्ही घडवले, ज्वारीचे दाणे लावून डोळे केले. आकांक्षाही आलती. टेप घेऊन आलती, पण बाया म्हणाल्या, पोरी, तुह्या डब्ब्याले आज सुट्टी.

मी दारात उभा होतो. तुही वहिनी प्रमिला खुर्चीत, हातात टिपऱ्या. हात थरथरत होते तशा टिपऱ्याही आपोआपच एकमेकीवर वाजून राह्यल्या होत्या, किटकिट किटकिट. मले कसंतरी झालं. म्हटलं, काढून घ्याव्या.

तेवढ्यात सीताबाईनं गाणं उचललं. साऱ्या बायांनी ठेका धरला. अन् देवका, ती किटकिट थांबली. तिच्या हाताचा कंप गेला असं नाई, पण तो जसा का ठेक्यात जाऊन बसला. टिपरीवर टिपरी, सरळ. मंग ती उठली. कोणी हात देला नाई. उठली, बाजूच्या बाईच्या टिपरीवर टिपरी मारली, अन् पाय उचलला. मी म्हणतो, पाय उचलला. ज्या पायासाठी मी महिनाभर घाम गाळला तो पाय तिनं पिसासारखा उचलला अन् पुढं टाकला, मंग दुसरा, मंग गिरकी. साऱ्या गोलाभोवती फिरली. चेहरा आजकाल लाकडासारखा असते तिचा, त्याच्यावर हासू आलं. दात दिसले. मी मनातल्या मनात "उचल" म्हणायच्या आत तिचा पाय उचललेला असे.

मी तिथंच दाराले टेकून खाली बसलो. एवढ्या मोठ्या बाजारात मी नाना तऱ्हेची माणसं पाहिली, पण असं नाई पाहिलं. हिरवा चुडा घालून आपल्या अंगणात आलेली ती पोर कुठं गेली असं मी कधी स्वतःले विचारलंही नव्हतं. ती कुठंच गेली नव्हती. तिच्या पायात होती. आईनं बंद केलं, संसारानं बंद केलं, आता रोगानंही बंद केलं, तरी ती आतमधी तशीच, ठेका धरून उभी.

गाणं संपलं अन् पाय पुन्हा चिकटले. गोलाच्या मधात ती उभी, अन् जागचं हालता येईना. आकांक्षानं दुसरं गाणं सुरू करायले लावलं, तेव्हा कुठं खुर्चीपर्यंत आली.

मंग त्या पोरीनं मले समजावलं. माह्याशी ती कधी चिडून बोलली नाई, हे मी आता मान्य करतो. म्हणाली, काका, चाल म्हणून डोक्यातून जो निरोप पायापर्यंत जातो त्याचा रस्ता खराब झालाय. पण ठेक्यावर पाय टाकायचा रस्ता वेगळा आहे, तो काकूंचा अजून चांगला आहे. तुम्ही ओढता तेव्हा त्यांना पडायची भीती वाटते आणि पाय आणखी घट्ट होतात. ओढू नका. ठेका द्या.

मले लगेच हमाल आठवले. पाच जणायले न उचलवणारी गाठ उचलायची असे तेव्हा एकजण बोल म्हणे अन् बाकीचे हईसा म्हणत, अन् ती गाठ जमीन सोडे. मी समजायचो, माह्या हाळीनं उचलते. माह्या हाळीनं कधीच उचलली नसन. बोलानं उचलली. जलमभर कानावर पडलं अन् समजलं आता.

आता रोज सकाळ-संध्याकाळ बाया तिले घेऊन खेळतात. अन् कोजागिरीसाठी आकांक्षानं तोड काढली आहे. बाया त्या दिवशी दुधाच्या कामात राहतीन, म्हणून त्यायची गाणी तिनं टेपात भरून घेतली. खोलीतून जेवणघरापर्यंत मी टेप घेऊन चालायचं अन् प्रमिलानं ठेक्यावर यायचं. व्हरांडा जमते. जेवणघराचा उंबरठा मात्र अजून जमला नाई. टेप चालू असूनही तिथं ती अडकते. रोज अडकते.

प्रभाकर


अल्लीपूर
७ ऑक्टोबर १९९९

भाऊ,

तुहं पत्र मी सुनेले अर्ध्यापर्यंत वाचून दाखवलं अन् तिच्या हातात देलं. मंग तिनं वाचलं. मंग शेजारीण आली तं पुन्हा वाचलं. वहिनी नाचली. मले तं डोळ्यापुढं दिसून राह्यली.

आता मी काय म्हणतो ते ध्यान देऊन ऐकजो. टेपाचा भरवसा धरू नको. आमच्याकडं दिवसातून चारदा लाइन जाते, वर्ध्याले काय इंद्राची वीज आहे? त्या दिवशी नेमकी गेली तं काय करशीन?

तू गा.

नाई येत असं म्हणू नको. तू ओसरीवर पेपर तोंडापुढं धरून बसे, अन् आम्ही खेळून संपेपर्यंत पान पलटत नव्हता. एकदा तं पेपर उलटा होता. मी आईले सांगतलं नाई, कारण तू मले नंतर बत्तासे देल्ते. साऱ्या कडव्यायसकट गाणं तुले पाठ असन, हे मी लिहून देतो. पुरुषानं भुलाबाईचं गाणं म्हणलं तं जीभ झडत नाई. मंडळाचे लोक हासतीन. हासू दे. लाज नागपूरले पाठव, वहिनीले नको पाठवू.

सोयाबीन सोंगणीवर आलं आहे, मले येता येत नाई. जीव तिथंच टांगला आहे.

देवका


वर्धा
२५ ऑक्टोबर १९९९

देवका,

काल कोजागिरी झाली. जसं झालं तसं लिहितो.

दिवे लागायच्या वेळेले मंडळाचे लोक आले. जेवणघरात सतरंज्या, मधात भुलाबाई, तिच्यावर ज्वारीच्या धांड्यांचा मखर, कढईत दूध. अण्णाजी दारासमोरच बसले होते. आकांक्षा आतमधी, तिले मी म्हटलं होतं, तू मधात येऊ नको, नाईतं म्हणतीन पोरीनं धरून आणलं.

खोलीत प्रमिलानं टिपऱ्या घेतल्या. तिनं जांभळं लुगडं नेसलं होतं. मी टेप लावला, गाणं सुरू झालं, ती निघाली. व्हरांड्यात मधापर्यंत आलो अन् लाइन गेली. तुही जीभ काळी आहे देवका. सारं सायंसदन अंधारात, टेप मुका, अन् ती जागच्या जागी रोवली. अंग पुढं, पाय मागं. चांदणं होतं म्हणून तिचा चेहरा दिसला. ती माह्याकडे पाहत होती.

माहा हात तिच्या हाताकडे गेला. सवयच ती. मंग तो हात मी मागं घेतला, टेप खाली ठेवला, तिच्या हातातल्या टिपऱ्या माह्या हातात घेतल्या अन् वाजवल्या. अन् गायलो.

माहा आवाज तुले माहीत आहे. बाजारात हाळी देऊन देऊन फाटलेला. पहिली ओळ तं खोकल्यासारखीच निघाली. जेवणघरातली कुजबुज बंद झाली. पोरीयचं गाणं, अन् गाऊन राह्यला सिंदीचा अडत्या. कोणीतरी हासलंही. पण प्रमिलाचा पाय उचलला गेला. ते दिसलं अन् मले कोणाची लाज राह्यली नाई. मी उलटा चालून राह्यलो होतो, तिच्याकडे तोंड करून, अन् ती माह्या टिपरीवर येऊन राह्यली होती, एक एक पाऊल, खांदे हालवत, जशी का आपल्या अंगणातून येते. आतमधून सीताबाईनं सूर लावला. मंग दुसऱ्या बायांनी. अंधारात कंदील पेटवायचंही कोणाले सुचलं नाई.

अन् मंग उंबरठा आला. मी आत, ती बाहेर. ती थांबली. नेहमीसारखीच. अण्णाजी पाहून राह्यले. मले येत होतं ते कडवं संपलं होतं, बायाही थांबल्या. मले वाटलं, गेलं सारं.

तेव्हा कुठून आलं माहीत नाई, पण पुढचं कडवं माह्या तोंडातून निघालं. माहेरची वाट पाहणाऱ्या लेकीचं. मले येते हे मलेच माहीत नव्हतं. बायायलेही ते येत नव्हतं, म्हणून मी एकटाच गायलो, शेवटपर्यंत, एका जागी उभा राहून. डोळ्यातून पाणी येत होतं, ते पुसायले हात मोकळा नव्हता. कडव्याची शेवटची ओळ आली अन् तिनं पाय उचलला. उंबरठ्याच्या वरून, चांगला उंच. मंग दुसरा. आत आली अन् भुलाबाईपुढं गिरकी घेऊन उभी राह्यली.

अण्णाजी उठून उभे राह्यले होते. मंग म्हणाले, वहिनी, बसा, दूध निवतंय. अन् माह्याकडे वळून म्हणाले, प्रभाकरराव, पुढच्या कोजागिरीला पहिलंच गाणं तुमचं.

तं ती इथंच आहे. मीही इथंच आहे. रोग गेला नाई, जाणारही नाई, आकांक्षानं हे मले स्पष्ट सांगितलं आहे. पण देवका, काल मी जे पाहिलं त्याच्यापुढं मले कशाचंच भेव वाटून नाई राह्यलं. माणसाच्या आत काय काय जपलेलं राहते, अन् आपण जलमभर बाजूले झोपतो अन् आपल्याले पत्ता नाई.

तुही वहिनी म्हणते, खाली दोन ओळी मी लिहीन. वेळ लागन, पण लिहीन. मले म्हणते, वाचायचं नाई. मी वाचत नाई, तिच्याच हातानं पाकीट चिकटवून घेतो.

प्रभाकर


देवकाबाई,

अक्षर मुंग्यायसारखं आलं, चष्मा लावून वाचजो. मनात ठेका धरला की पेन पुढं सरकते, हे मी आज शोधलं. यायनं लिहिलं तसंच झालं असन. फक्त उंबरठ्यापाशी माहे पाय अडकले नव्हते. मी आपली थांबली. हे माह्यासाठी पहिल्यांदाच गाऊन राह्यले होते, अन् मी आत गेली की थांबतीन, हे मले माहीत होतं. म्हणून पुढचं कडवं होऊ देलं. यायले सांगू नको. आज सकाळीही थांबली.

लोणचं मुरलं का?

प्रमिला